मदरबोर्डवरचा सेल (लहान बॅटरी) संपल्यानंतर विंडोज सुरू होत नाही आणि १ टीबीची हार्ड डिस्क बायोसमध्ये दिसत नाही

जुळारी_सिंधुदुर्ग :

सर्वांना नमस्कार. सिंधुदुर्ग जिल्ह्यात माझे लहानसे डीटीपी केंद्र आहे. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेमुळे जून आणि जुलै हे दोन्ही महिने केंद्र बंद ठेवावे लागले. पावसाळ्यात विजेचा धोका नको म्हणून जाताना मी भिंतीवरील बटणापासून सगळा पुरवठा बंद केला होता. परवा परत येऊन संगणक सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर तारीख व वेळ निश्चित नसल्याचा संदेश आला आणि खाली दोन पर्याय होते : एफ १ दाबल्यास सेटअप, एफ २ दाबल्यास मूळ सेटिंग घेऊन पुढे जाणे. कामे खोळंबली होती, म्हणून मी एफ २ दाबले. तेव्हापासून विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसते, निळा पडदा चमकून जातो आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

संगणक जुना आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय ३, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज ७ असलेली २४० जीबीची एसएसडी (तबकडी नसलेली, चिपची डिस्क) आणि कामाच्या फायलींसाठी ३.५ इंची १ टीबीची हार्ड डिस्क. पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्रामच्या जुन्या फायली आणि त्यांचे फाँट याच संगणकावर नीट उघडतात, म्हणून मी तो बदललेला नाही.

तालुक्याच्या ठिकाणी एका दुरुस्तीवाल्यांकडे तो नेला. त्यांनी नवा सेल बसवला. हार्ड डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला यूएसबीच्या केबलने लावून पाहिली, तर ती सुरूच झाली नाही. हार्ड डिस्क गेली आहे आणि एसएसडी फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावी लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. मी घरी येऊन बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) उघडले, तर एसएसडीचे नाव दिसते, परंतु हार्ड डिस्कच्या ओळीत काहीच नाही.

त्या हार्ड डिस्कवर माझे अकरा वर्षांचे काम आहे. लग्नपत्रिका आणि जत्रेची हस्तपत्रके पुन्हा करता येतील. परंतु आमच्या गावातील एका निवृत्त शिक्षिकेने आयुष्यभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची सुमारे तीनशे पाने मी जुळवत होते आणि त्यांची माझ्याकडे असलेली वेगळी प्रत गेल्या दिवाळीची आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या बाईंनी माझ्या शेजारी बसून एकेक ओवी म्हणून दाखवत सांगितल्या होत्या. एप्रिलमध्ये त्या वारल्या. त्या दुरुस्त्या दुसरीकडे कोठेही नाहीत.

विंडोज नव्याने टाकावी का, बायोसमध्ये नेमके काय पाहावे आणि हार्ड डिस्क खरोखर गेली असे मानावे का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.


मिस्त्री_इचलकरंजी :

ताई, प्रथम एक विनंती. विंडोज नव्याने टाकू नका आणि हार्ड डिस्क सध्या जोडू नका, बाजूला सुरक्षित ठेवा. आपल्या वर्णनात दोन वेगवेगळे बिघाड आहेत. ते एकाच दिवशी समोर आले म्हणून एकच वाटत आहेत. एकेक करून पाहू.

पहिला बिघाड विंडोज सुरू न होण्याचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संगणकाचे घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसमध्ये निवडलेले पर्याय जपतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) मदरबोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत राहतो आणि सेलवर भार येत नाही. त्यामुळे सेल पार उतरला तरी ज्या संगणकाचा पुरवठा कधी तुटत नाही त्यात ते कळतच नाही. आपण पुरवठा मुळापासून बंद केला, तेव्हा सारी भिस्त सेलवर आली आणि जपलेले पर्याय पुसले गेले. एफ २ दाबल्याने आपण काही बिघडवले, असे मनात आणू नका. पर्याय त्याआधीच गेलेले होते.

आता मूळ सेटिंग म्हणजे काय, ते पाहा. साटा म्हणजे मदरबोर्डला डिस्क जोडण्याची पद्धत. एच ६१ च्या अनेक बोर्डांवर साटा मोडचे मूळ सेटिंग आयडीई (डिस्कशी बोलण्याची जुनी रीत) असते. आपली विंडोज बसवणाऱ्याने त्या वेळी ते बहुधा एएचसीआय (नवी रीत) केलेले असणार, कारण एसएसडीसाठी तसेच करण्याची पद्धत आहे. विंडोज ७ ज्या मोडवर बसवली जाते, त्याच मोडचा ड्रायव्हर (डिस्क हाताळणारा लहान प्रोग्राम) ती अगदी सुरुवातीला उघडण्यासाठी राखून ठेवते आणि दुसरा निष्क्रिय ठेवते. मोड बदलला तरी बायोसला एसएसडी दिसते. विंडोजचे चिन्हही येते, कारण तेथपर्यंतचे वाचन बायोसमार्फत होते. मात्र त्यानंतर विंडोज स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क उघडायला जाते, तेव्हा तिला ती सापडत नाही आणि निळा पडदा येतो. आपल्याकडे नेमके याच टप्प्यावर गाडे अडत आहे.

खात्री करून घेण्यासाठी संगणक सुरू होताच एफ ८ दाबत राहा आणि येणाऱ्या यादीतून, बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू होणे बंद करण्याचा पर्याय निवडा. निळा पडदा स्थिर राहील. त्यावरील लांबलचक क्रमांकाच्या शेवटी ७बी असेल, तर वर लिहिलेले कारण जवळजवळ पक्के समजा. मग डिलीटची कळ दाबून बायोस उघडा. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र घ्या. हा कंटाळा कधीही करू नये, कारण मागे फिरण्याचा रस्ता तोच असतो. साटा मोड किंवा साटा कॉन्फिगरेशन अशा नावाची ओळ अॅडव्हान्स्ड किंवा पेरिफेरल्सच्या पानावर सापडेल. तेथे एएचसीआय निवडा, तारीख दुरुस्त करा, बूट क्रमात (कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचे त्या यादीत) एसएसडी पहिली आहे ना ते पाहा आणि एफ १० दाबून जतन करा. बाकी एकाही ओळीला हात लावू नका.

क्रमांक वेगळा आला, तर मोड बदलण्याआधी तो येथे लिहा.


जुळारी_सिंधुदुर्ग :

आपले आभार कसे मानावेत, ते कळत नाही. क्रमांकाच्या शेवटी ७बी हेच होते. साटा मोडच्या ओळीत आयडीई होते, ते एएचसीआय केले आणि विंडोज पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. डेस्कटॉपवरील सगळे जसेच्या तसे आहे, फाँटही आहेत.

त्यानंतर संगणक बंद करून हार्ड डिस्क पुन्हा जागेवर लावली. बायोसमध्ये चार साटा पोर्टच्या चार ओळी आहेत. पहिल्या ओळीत एसएसडी दिसते. दुसऱ्या ओळीत, जेथे हार्ड डिस्क लावली आहे, तेथे काही उपस्थित नसल्याचे लिहून येते. दुसऱ्या पोर्टची केबल तिसऱ्यात लावून पाहिली, तरीही तेच. कोणताही पोर्ट बंद करून ठेवलेला दिसत नाही.


वीजजोडणी_फोंडा :

पहिला प्रश्न सुटला हे वाचून बरे वाटले. दुसऱ्याबद्दल माझे मत असे आहे की हार्ड डिस्क मेल्याचा पुरावा अजून कोणाकडेही नाही.

त्या दुरुस्तीवाल्यांनी ती यूएसबीच्या केबलने लावून पाहिली, असे आपण लिहिले आहे. त्या केबलसोबत भिंतीत लावायचा वेगळा अडॅप्टर होता का, ते आठवून पाहा. लॅपटॉपमधील २.५ इंची डिस्क केवळ ५ व्होल्टवर चालते, म्हणून तिला यूएसबीची वीज पुरते. ३.५ इंची हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्या सर्किटला ५ व्होल्ट लागतात, परंतु तबकड्या फिरवणारी मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबीच्या साध्या केबलमधून १२ व्होल्ट मिळत नाहीत. तशा केबलवर ३.५ इंची चांगली डिस्कसुद्धा निपचित पडून राहते. अडॅप्टर नसेल, तर ती चाचणी चाचणीच नव्हे.

हार्ड डिस्क बायोसमध्ये दिसावी यासाठी आधी तिला दोन्ही व्होल्टेज मिळावी लागतात, मग मोटर फिरावी लागते, मग डिस्कने स्वतःच्या तबकडीवरून आपली माहिती वाचून घ्यावी लागते आणि शेवटी डेटा केबलमधून बायोसने हाक मारल्यावर ओ द्यावी लागते. त्यामुळे डिस्क दिसत नाही, एवढ्यावरून ती कोणत्या पायरीवर अडली ते समजत नाही. ते हाताने आणि कानाने समजते. संगणक सुरू करताना डिस्कच्या बाजूच्या पत्र्यावर दोन बोटे ठेवा. चांगली डिस्क पहिल्या काही सेकंदांत हलकी थरथरते आणि मग एकसारखी गुणगुणत राहते. फिरून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज आला, तर ताबडतोब संगणक बंद करा आणि पुन्हा लावू नका, कारण तो आतील हेडचा (तबकडी वाचणाऱ्या टोकाचा) बिघाड असतो आणि प्रत्येक प्रयत्नात तबकडी अधिक खराब होऊ शकते. काहीच थरथर नसेल, तर मला आधी विजेचा संशय येईल.

नवे काहीही विकत न घेता करता येण्यासारखी एक चाचणी आहे. आपली एसएसडी व्यवस्थित चालते, म्हणजे तिची डेटा केबल, तिचा पोर्ट आणि तिचा वीज कनेक्टर हे तिन्ही चांगले आहेत. संगणक बंद करून, भिंतीवरचे बटणही बंद करून, एसएसडी काढा आणि तिच्याच दोन्ही केबल हार्ड डिस्कला लावा. मग फक्त बायोस उघडून पाहा. साटाचे कनेक्टर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे असतात. ते सरळ ओढा, वरखाली हलवू नका, कारण आतील प्लास्टिकची पातळ जीभ मोडली, तर डिस्क चांगली असूनही ती जोडता येणार नाही.


कोकणवासी_वाचक :

एक सूचना करतो. आमच्याकडील दमट हवेत हार्ड डिस्कच्या खालच्या हिरव्या सर्किट-पट्टीचे आतले संपर्कबिंदू काळे पडतात. ती पट्टी सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या स्क्रूंनी बसवलेली असते. ती सोडवून बिंदूंवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवल्यावर माझ्या दोन डिस्क पुन्हा दिसू लागल्या होत्या.


मिस्त्री_इचलकरंजी :

हा उपाय मीही केलेला आहे आणि किनारपट्टीवर त्याचा गुण येतो. तथापि ताईंनी आत्ता तो करू नये, अशी माझी विनंती आहे. स्क्रूचे डोके घासले गेले किंवा मोटरकडे जाणारा संपर्क वाकला, तर आज नसलेला बिघाड निर्माण होईल. आधी केबलची अदलाबदल, मग व्होल्टेज, आणि त्यातून काही हाती लागले नाही तरच ती पट्टी. डिस्कचे वरचे चकचकीत झाकण मात्र कोणीही, कधीही घरी उघडू नये. तसेच दुसऱ्या तशाच डिस्कची हिरवी पट्टी काढून बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही घेऊ नका. त्या पट्टीवरील चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची स्वतःची माहिती असते आणि ती न हलवता केलेली अदलाबदल बहुधा वाया जाते.

हा धागा शोधत येणाऱ्या इतरांसाठीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. वर दिलेला एएचसीआयचा सल्ला या जुन्या संगणकापुरता आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या वेगळ्या रीतीचा) पर्याय चालू असतो आणि त्यामुळे विंडोज नव्याने बसवताना एकही डिस्क दिसत नाही. तेथे त्या ड्रायव्हरच्या फायली पेन ड्राइव्हवर घेऊन बसवणीच्या वेळी दाखवाव्यात. चालू असलेल्या विंडोजखाली तो पर्याय सहज बंद करून पाहू नये, कारण मग असाच निळा पडदा येतो. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू आहे, त्यांनी तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय बायोसमध्ये शिरूच नये.


जुळारी_सिंधुदुर्ग :

आज सकाळी सांगितल्याप्रमाणे सगळे केले. जे दिसले ते क्रमाने लिहिते.

त्या यूएसबी केबलला वेगळा अडॅप्टर नव्हता. मी समोर उभी होते, त्यामुळे मला नक्की आठवते.

हार्ड डिस्कला तिचा नेहमीचा कनेक्टर लावून बोटे ठेवली, तेव्हा काहीही जाणवले नाही. मग एसएसडीच्या केबल तिला लावल्या आणि बटण दाबले. बोटांखाली आधी एक झटका जाणवला, मग थरथर, आणि मग तो ओळखीचा आवाज. टकटक अजिबात नाही. बायोसमध्ये पहिल्या ओळीत तिचे नाव आणि १००० जीबी असा आकडा आला. मी लगेच संगणक बंद केला.

माझे दीर वायरमन आहेत. त्यांनी हार्ड डिस्कच्या वीजवाटेची तपासणी केली. एसएमपीएसमध्ये साटाचा एकच वीज कनेक्टर आहे आणि तो एसएसडीकडे जातो. हार्ड डिस्कसाठी चार पिनांच्या जुन्या मोठ्या कनेक्टरवरून साटा करणारा एक कन्व्हर्टर लावलेला आहे. एसएमपीएसच्या बाजूला पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये १२.१ व्होल्ट मिळाले, लाल आणि काळ्यामध्ये ५.०. कन्व्हर्टरच्या पलीकडे लाल तारेवर ५ व्होल्ट आले, परंतु पिवळ्या तारेवर काहीच नाही. कन्व्हर्टर ओढून काढला, तेव्हा पिवळ्या तारेच्या पिनेवर हिरवट काळा थर चढलेला दिसला आणि तिच्याभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी झालेले होते.

आता नवा कन्व्हर्टर आणून दोन्ही डिस्क लावू का? विंडोज सुरू झाल्यावर काही काळजी घ्यावी लागेल का? आता हात लावायची भीती वाटते.


वीजजोडणी_फोंडा :

आपण अतिशय व्यवस्थित तपासणी केली आहे आणि आपल्या दिरांनाही धन्यवाद सांगा. कारण सापडले. ५ व्होल्ट मिळत होते, १२ व्होल्ट मिळत नव्हते, त्यामुळे सर्किट जागे होते आणि मोटर मात्र थांबलेली होती. दुकानातील केबलवरही नेमकी तीच स्थिती होती, म्हणून दोन ठिकाणी एकच निष्कर्ष निघाला.

तपकिरी झालेले प्लास्टिक म्हणजे तेथे बराच काळ उष्णता निर्माण होत होती. पिनेवर थर चढला की संपर्क कमी होतो, संपर्क कमी झाला की तेथेच ऊब धरते आणि त्या उबेने संपर्क आणखी बिघडतो. तो कन्व्हर्टर घासूनपुसून पुन्हा वापरू नका. नवा घेतानाही साच्यात एकसंध ओतलेल्या प्लास्टिकचा घेऊ नका. तशा कनेक्टरमध्ये आतील तारा जवळ सरकून जळाल्याची उदाहरणे आहेत. ज्यात प्रत्येक तार वेगळ्या पिनेवर दाबून बसवलेली दिसते, असा घ्या. एसएमपीएस संगणकाइतकाच जुना असेल, तर साटाचे पुरेसे कनेक्टर असलेला नवा एसएमपीएस घेणे मला अधिक योग्य वाटते, म्हणजे कन्व्हर्टरची गरजच राहणार नाही. एसएमपीएसकडील त्या मोठ्या कनेक्टरची पीनही काळी पडली असेल, तर हाच एक मार्ग उरतो.


मिस्त्री_इचलकरंजी :

विंडोज सुरू झाल्यानंतरच्या काळजीबद्दल मी लिहितो, कारण मिळालेली फाइल या टप्प्यावर गमावणारे लोक मी पाहिलेले आहेत.

पहिल्या सुरुवातीला विंडोज कदाचित डिस्क तपासण्याचा प्रस्ताव मांडेल आणि काही सेकंदांची उलटी मोजणी दाखवेल. त्या वेळी कोणतीही कळ दाबून ती तपासणी टाळा. ती तपासणी फायलींच्या नोंदींत दुरुस्त्या करते आणि डिस्कवर खराब जागा असतील, तर त्या दुरुस्त्यांत नोंद हरवू शकते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने इनिशियलाइझ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार) किंवा फॉरमॅट करू का असे विचारले, तर नकार द्या आणि येथे लिहा.

डिस्क उघडली की प्रथम फक्त ओव्यांचा फोल्डर घ्या. तो एसएसडीवर आणि एका पेन ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी उतरवा, मग पेजमेकरमध्ये उघडून शेवटचे पान पाहा. त्यानंतर बाकीचे काम. सगळे उतरवून झाल्यावरच क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावून डिस्कची प्रकृती पाहा. त्यात ०५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर (डिस्कवरील साठवणीचे लहान तुकडे), सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, सी७ म्हणजे केबलमधील चुका. सी७ चा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे तो जुना असेल तर घाबरू नका, वाढतो आहे का एवढे पाहा. ०५ किंवा सी५ मध्ये शून्याखेरीज काही असेल, तर ती डिस्क यापुढे एकमेव प्रत ठेवण्याच्या कामाची नाही. आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, म्हणून एखादे अक्षर दिसले तर गोंधळू नका.


जुळारी_सिंधुदुर्ग :

कोल्हापूरहून नवा एसएमपीएस मागवला, त्यामुळे चार दिवस गेले. काल संध्याकाळी दिरांनी तो बसवला आणि दोन्ही डिस्क आता थेट त्याच्या साटा कनेक्टरवर आहेत. बायोसमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत दोन्ही नावे दिसतात. साटा मोड एएचसीआय आहे आणि त्या पानाचे छायाचित्र छापून मी कॅबिनेटच्या आतल्या बाजूस चिकटवले आहे.

तपासणीची उलटी मोजणी खरोखरच आली. मी कळ दाबून ती थांबवली. डिस्क उघडली, तेव्हा सगळे फोल्डर जागेवर होते. ओव्यांचा फोल्डर दोन ठिकाणी उतरवला, मग फाइल उघडून बाईंनी शेवटच्या दिवशी दुरुस्त केलेले पान काढले. त्यांनी एका ओवीतील शब्द बदलून त्यांच्या आईच्या बोलीतला शब्द घालायला लावला होता, तो तेथे आहे.

बाकीच्या फायली उतरायला रात्रीचे दोन वाजले. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ शून्य आहे, सी७ शून्य आहे आणि सी५ मध्ये ८ हा आकडा आहे. आपण सांगितल्याप्रमाणे या डिस्कवर आता नवे काम ठेवणार नाही. नवी हार्ड डिस्क सांगितली आहे. ओव्यांच्या पुस्तकाची उरलेली चाळीस पाने मी आज पेन ड्राइव्हवरील प्रतीवरून जुळवायला घेतली आहेत.